सालीसकट

एका भाजीच्या नावावरून आमच्या घरातला माणूस दवाखान्यात जाऊन आलेला आहे, म्हणून आधी नावांचं सांगते.

माझं माहेर नागपूरच्या महालातलं. आमच्याकडे लाल भोपळा म्हणजे कोहळं. ज्याच्या अंगावर पांढरी भुकटी असते आणि ज्याचा पेठा करतात, ते भुरं कोहळं. लांब, हिरवी ती लौकी. सासर साताऱ्याकडचं. तिथे लाल ते डांगर, भुरं तो कोहळा, हिरवा लांब तो दुधी, आणि बोलणारा घाईत असला की नुसता भोपळा. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला सांडग्यांसाठी कोहळा आणायला पाठवलं. मी पाच किलोचं पिकलेलं लाल कोहळं पोटाशी धरून घेऊन आले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "एवढ्या डांगराचं काय करू गं मी?" मला प्रश्नच कळेना. आमच्या इकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी डांगर म्हणजे नदीच्या वाळूतलं खरबूज. ते तर मी आणलंच नव्हतं.

याची परतफेड बऱ्याच वर्षांनी झाली. सासूबाई आमच्याकडे नागपूरला राहायला आल्या आणि ऐन मे महिन्यात सक्करदऱ्याच्या बुधवारी बाजारात एकट्याच गेल्या. डांगर मागितलं. भाजीवाली म्हणाली, "डांगर तं फळवाल्याकडं भेटन न मावशी." त्या फळवाल्याकडे गेल्या, त्याने हातात दिलं ते घेऊन घरी आल्या, आणि मोहरी तडतडत असताना ते चिरायला घेतलं. "अगं, ह्या डांगराला वास कसला येतोय?" त्या दिवशी आम्ही फोडणीत बटाटे टाकले आणि खरबूज थंड करून खाल्लं.

इथवर गंमतच होती. चार वर्षांपूर्वी नवऱ्याची साखर काठावर निघाली, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.१. आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंनी एक झेरॉक्स कागद दिला. त्यावर भाज्यांच्या रकान्यात लिहिलं होतं : 'भोपळा – भरपूर.' कुठला, ते नाही. लिहिणाऱ्याच्या घरी एकच भोपळा असावा.

मी म्हटलं, हे कोहळं. नवरा म्हणाला, हा दुधी. तो साताऱ्याचा, त्याचंही चूक नव्हतं. पण माझ्या नवऱ्याची एक खोड आहे. कुठल्याही गोष्टीचा अर्क काढल्याशिवाय त्याला ती औषधी वाटतच नाही. भाजी खाणं म्हणजे जेवण, रस पिणं म्हणजे उपचार. कागदावर 'भाजी' लिहिलंय हे त्याने सोयीस्कर विसरून रोज सकाळी फिरून आल्यावर ग्लासभर कच्च्या लौकीचा रस काढायला सुरुवात केली. तीन आठवडे सुरळीत गेले. एका सकाळी रस कडूजहर निघाला. कोणीही शहाण्याने तो मोरीत ओतला असता. याने नाक दाबून संपवला. कडू आहे म्हणजे लागू पडणार, असं त्याचं म्हणणं. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब, मग हातपाय गार. नऊ वाजता सलाईन लागलेलं होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच : "रस कडू होता का?"

दोन रात्री काढून तो घरी आला तेव्हा मी वाचायला बसले. काकडी, लौकी, दोडका, कोहळं ही सगळी एकाच कुळातली मंडळी. या वेली कीड-जनावरांपासून स्वतःला वाचवायला कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य तयार करतात. पिढ्यान् पिढ्या कमी कडू वेलांचं बी राखत आपण ते जवळजवळ संपवत आणलं आहे. तरी एखाद्या फळात ते उसळतं, बाहेरून फळ अगदी देखणं असतं आणि शिजवूनही ते जात नाही. त्यावर उतारा नाही, डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात. अशा रसाने आपल्या देशात माणसं दगावलेली आहेत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं ते एवढंच : रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या, दुसऱ्या कुठल्या रसात मिसळून कडूपणा झाकू नका, आणि प्यायल्यावर त्रास झाला तर थेट दवाखाना गाठा.

माझी आई लौकी चिरताना देठाकडचा तुकडा जिभेवर ठेवून बघायची. आम्ही हसायचो. काकडीचं टोक कापून घासायची, त्यालाही हसायचो.

तर त्या दिवसापासून आमच्या घरात रस बंद झाला आणि कागदावरचा भोपळा म्हणजे कोहळं, हे माझ्या बाजूने ठरलं. लगेच नवा वाद सुरू झाला : साल ठेवायची की काढायची?

माझ्या आईने जन्मात कोहळ्याची साल काढलेली नाही. पावशीवर, म्हणजे विळीवर, बसून ती कोहळ्याची फाक उभी धरते, आतलं बियांचं जाळं बोटांनी ओरबाडून काढते आणि सालीसकट बोटाच्या दोन पेरांएवढ्या फोडी करते. लोखंडी कढईत तेल, मोहरी, मग मेथीदाणे. मेथी काळी होऊ द्यायची नाही, बदामी झाली की हिंग, हळद, दोन लाल मिरच्या मोडून, आणि लगेच फोडी. वर झाकण, झाकणावर पाणी. मधे एकदाच हलवायचं. तिखट, मीठ, चिंचोक्याएवढा गूळ, आणि शेवटी भाजून कुटलेलं खोबरं-खसखस. वरून सांबार. (पुण्या-साताऱ्याच्या वाचकांनी दचकू नये. नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर.) ही भाजी झाली की फोड पूर्ण मऊ असते, पण सालीने तिला आकारात धरून ठेवलेलं असतं. दातांना किंचित अडते, मग गर विरघळतो आणि मेथीचा कडवटपणा गोडाच्या मागून येतो.

सासूबाईंनी पहिल्यांदा ती फोड चमच्याने उलटी केली. "साल? आमच्यात ही म्हशीला घालत्यात."

आई तेव्हा जेवायला होती. ती म्हणाली, "साल काढली तं फोडीचा लगदा होते, विहीणबाई. लगदा बिमार माणसाला."

दोघी खरं बोलत होत्या. सासूबाईंची डांगराची भाजी लगदाच असते आणि ती लगदा म्हणूनच चांगली लागते : कांदा-लसणाचं तिखट, दाण्याचं कूट, आमसूल, आणि गर मोडून अंगाबरोबर आलेला रस. ती भाकरीशी खायची. आईची फोड पोळीशी. पातळ सालीचं कोवळं कोहळं असेल तर आई जिंकते. पण जून, नख दाबलं तर उमटत नाही अशा सालीचं असेल तर सासूबाईंचं ऐकावं. ती साल शिजता शिजत नाही.

आता साखरेच्या माणसाला ही गोड भाजी कशी चालते? मलाही कोडं होतं. कोहळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स चक्क ७५च्या आसपास सांगतात, आणि तेवढंच वाचून बरेच जण ते ताटातून हद्दपार करतात. पण तो आकडा सांगतो की कोहळ्यातली साखर किती वेगाने रक्तात उतरते. ती मुळात आहे किती, हे त्यात नाही. शंभर ग्रॅम कोहळ्यात नव्वदहून जास्त ग्रॅम पाणीच असतं, कर्बोदकं साडेसहा-सात ग्रॅम, आणि उष्मांक २६. म्हणजे वाटीभर भाजीत एका मध्यम पोळीपेक्षा कमी कर्बोदकं. खरा धोका आईच्या चिंचोक्याएवढ्या गुळाचा लिंबाएवढा होतो तेव्हा असतो. किंवा भाजी 'भरपूर' खाऊन पोळ्याही तेवढ्याच खाल्ल्या जातात तेव्हा. मूत्रपिंडाच्या दुखण्यात ज्यांना पोटॅशियम मोजून खायला सांगितलंय त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं. शंभर ग्रॅममध्ये ते ३४० मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

कोहळ्याची खरी कमाई त्याच्या रंगात आहे. तो केशरी रंग बीटा कॅरोटीनचा, आणि त्यापासून शरीर जीवनसत्त्व अ तयार करतं. फाक जितकी गडद तितकं ते जास्त, म्हणून बाजारात फिक्या पिवळ्या फाकेवर मी पैसे घालत नाही. माझ्या मुलीला लहानपणी दर सहा महिन्यांनी चमचाभर अ जीवनसत्त्वाचं औषध पाजायला न्यायचे. रातांधळेपणा आणि त्यातून येणारं अंधत्व टाळण्यासाठी आपल्याकडे हा कार्यक्रम १९७० सालापासून चालू आहे. औषध देणारी ताई दरवेळी सांगायची, घरात कोहळं, गाजर, पालक, शेवग्याचा पाला द्या. बीटा कॅरोटीन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. नुसतं उकडून, बिनतेलाचं, पथ्याचं म्हणून खाल्लं तर त्यातलं बरंच तसंच निघून जातं. चमचाभर तेलाची फोडणी किंवा वरून तूप घातलं की ते अंगी लागतं. आईच्या "फोडणीत हात आखडू नको" या वाक्याचा अर्थ मला असा पन्नाशीला आल्यावर कळला.

हे सगळं मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं आणि चूक केली. आठवड्याभरात नवऱ्याने बीटा कॅरोटीनच्या कॅप्सूल मागवल्या. अर्काचा भक्त तो. आणि वीस वर्षं सिगारेट ओढून नुकतीच सोडलेला. मी पुन्हा वाचायला बसले. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती. त्यांतल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं, कर्करोग टळेल या आशेने. १९९४ साली निकाल आला तो उलटा : कॅप्सूल घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. भाजीतल्या कॅरोटीनने असं होत नाही. फार झालं तर तळहात पिवळे दिसतात आणि भाजी कमी केली की उतरतात. ती बाटली मी औषधांच्या दुकानात परत द्यायला गेले, त्यांनी घेतली नाही. कपाटाच्या वरच्या खणात पडून आहे.

माझ्या वडिलांना कोहळं आवडत नसे आणि त्याचं कारण चव नव्हतं. पितृपक्षात ते पानावर लागतंच. कढी, वडे, खीर, आणि कोहळ्याची भाजी. "मेलेल्या माणसांची भाजी," म्हणायचे आणि एरवी हात लावायचे नाहीत. आमच्याकडे अख्ख्या कोहळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नाही असाही नियम होता. कोहळं म्हणजे बळी, म्हणून पहिला घाव पुरुषाचा. न खाणारे वडील ऑफिसातून येऊन, बूट काढून, कोहळ्यात सुरी खुपसून द्यायचे आणि मगच आई पावशी घ्यायची. आता बाजारात फाकच मिळते. भाजीवालीनेच पहाटे सगळा धर्म बुडवून ठेवलेला असतो.

गंमत अशी की हे पितरांचं लाडकं कोहळं मूळचं इथलं नव्हेच. संस्कृतातला कूष्मांड तो भुरा. लौकीही आपल्याकडे फार जुनी. लाल कोहळ्याचं गोत मात्र अमेरिका खंडांतलं, मेक्सिकोत ओहाकाजवळच्या गुहेत त्याच्या भाऊबंदांच्या दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. आपल्याकडे ते आलं पोर्तुगीज जहाजं यायला लागल्यावर. मिरचीचंही तेच. मी हे सासूबाईंना सर्वपित्रीच्या आदल्या रात्री सांगितलं, थोडं खोडसाळपणानेच. म्हटलं, पितरांनी कधी पाहिलं तरी होतं का हो हे? त्या वडे थापता थापता म्हणाल्या, "श्राद्धात नाव किती पिढ्यांचं घेत्यात?"

"तीन."

"त्या तिघांनी खाल्लेलं होतं न? मग झालं."

मी आजवर वाचलेल्या इतिहासाच्या एकाही पुस्तकात एवढा स्वच्छ युक्तिवाद नाही.

बोंडांबद्दल लिहिलं नाही तर माहेरचे लोक मला घरात घेणार नाहीत. पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची कर म्हणजे आमच्याकडे कोहळ्याचे बोंड. सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला जायचं, "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणून घसा कोरडा होईस्तोवर ओरडायचं, आणि घरी येऊन तळलेल्या गुळाच्या बोंडांवर तुटून पडायचं. रोगराईने तरी किती लांब जावं? कृतीत अवघड काही नाही, एकच चूक सगळे करतात. कोहळं किसून चमचाभर तुपावर परतायचं, त्यातच गूळ घालायचा. गूळ विरघळला की पातेल्यात एवढं पाणी सुटतं की माणूस घाबरतो. घाबरायचं नाही आणि वरून पाण्याचा थेंबही घालायचा नाही. गार झालं की त्यात मावेल तेवढीच कणीक, मूठभर रवा, कडकडीत तेलाचं मोहन, जायफळ, खसखस, चिमूट मीठ. तासभर झाकून ठेवायचं. मग ओल्या हाताने बोराहून मोठे गोळे तेलात सोडायचे. आच मोठी असली तर बाहेरून काळे, आतून कच्चे, आणि पीठ सैल झालं तर ते तेल पितात. सासूबाईंचे घारगे याच पिठाचे, घट्ट मळून थापलेले, आठवडाभर टिकणारे. बोंड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही टिकत नाहीत, पण त्याला कारण वेगळं आहे.

बोंडांना कोणी आरोग्यदायी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. कोहळं त्यात आहे, मान्य. गूळ, कणीक आणि तेलही आहे. वर्षातून दोनदा खायचे आणि त्या दिवशी साखर मोजायची नाही, असा आमच्याकडे अलिखित करार आहे.

मला विचाराल तर कोहळ्याचा सगळ्यात मोठा गुण कुठल्याच तक्त्यात नाही. ते टिकतं. नागपूरच्या नवतपात, पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा, कॉटन मार्केटातून सकाळी आणलेला पालक दुपारी कूलरसमोर ठेवूनही मान टाकतो. आई जानेवारी-फेब्रुवारीत पक्की कोहळी घ्यायची. देठ शाबूत पाहिजे, देठ तुटला की तिथून सड लागते. पलंगाखाली विटांच्या तुकड्यांवर, एकमेकांना न चिकटवता ती ठेवायची आणि पंधरा दिवसांनी बूड बघून फिरवायची. मे अखेरपर्यंत त्या पलंगाखाली आमची भाजी असायची. मी त्या पलंगावर झोपायचे. खाली उतरताना पाय त्या गार कोहळ्यांना लागायचा, ते अजून आठवतं.

आणि बिया. नवऱ्याने गेल्या वर्षी ऑनलाइन 'पंपकिन सीड्स' मागवल्या, सोललेल्या, हिरव्या, पावकिलोच्या पाकिटात. ते दारात आलं तेव्हा सासूबाई ओट्यापाशी फाकेतल्या बिया कचऱ्याच्या डब्यात टाकत होत्या. पाकिटावरची किंमत त्यांनी दोनदा वाचून घेतली. मग डब्यातल्या बिया परत बाहेर काढल्या, धुतल्या, चाळणीवर पसरल्या आणि गच्चीवर गेल्या. नागपूरच्या उन्हाला दुसरं कामच काय? तीन दिवसांत त्या कागदासारख्या वाजायला लागल्या.

बिया खरोखर गुणी आहेत. तीस ग्रॅममध्ये आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं, दीडशे मिलिग्रॅमहून जास्त मॅग्नेशियम, शिवाय जस्त. पण उष्मांकही दीडशेच्या वर, म्हणजे पाकीट मांडीवर घेऊन क्रिकेट बघणाऱ्याचं काही खरं नाही. सासूबाईंच्या बियांचं तसं होत नाही, कारण त्या सोलाव्या लागतात. रात्रीची मालिका लागली की त्या वर्तमानपत्र पसरतात, भाजलेल्या बियांचं टोक दातात धरून कट्कन मोडतात (कवळी बसवल्यापासून हे काम नखांनी) आणि आतली पोपटी बी वाटीत टाकतात. मालिकेचा एक भाग संपेस्तोवर वाटीचा तळही झाकला जात नाही. शेजारी नवरा बसलेला असतो, तो तेवढ्याच वेगाने उचलतो.

"बिया संपल्या की कशा?" सासूबाई वाटीत डोकावतात. "अगं, उद्या डांगर आण."

"कोहळं," मी आतून म्हणते.

"तेच ते. आणि ह्याला सोलायला बसव."

तो सोलतो. पंचवीसेक होतात, मग बोटं दुखतात म्हणून उठून जातो.